एकास बहात्तर

गोखले रोडवरचं खेळण्यांचं दुकान बंद होत होतं
तेव्हा निम्म्या किमतीत आणलं हे विमान.
खोकं पिवळट, आतले स्टिकर पापडासारखे चुरचुरीत.
नॅट. म्हणजे चिलट.
पुरं झालं तरी तळहातात मावेल.

माझा धंदा दातांचा.
नौपाड्यात तळमजल्यावर लॅब, तीस वर्षं झाली,
डॉक्टर ठसा पाठवतात, मी कवळी पाठवते.
अर्ध्या जबड्यात आणि अर्ध्या विमानात
तसा फरक नाही,
सांधा दिसला की बिल परत येतं.

म्हणून रात्री, पोरं गेल्यावर,
मेणाच्या सुरीने एकेक भाग सोडवला,
पोटाच्या शिवणीत अ‍ॅक्रिलिक भरलं
(हिरड्यांचा गुलाबीच काय तो शिल्लक होता),
आणि मायक्रोमोटरवर घासलं,
नखाला काही लागेना इतकं.
पंखांवर घामोळ्यासारखी रिवेटं उठली होती,
तीही गेली.
एकास बहात्तरमध्ये खरं रिवेट दिसणारच नाही,
मी हिशोब केला होता.

चरईला घरी आणून बाबांच्या हातात दिलं.
पंचाहत्तरी उलटली. त्यांना आता मधलं दिसत नाही,
कडा दिसतात.
माणसाचे कान दिसतात, तोंड नाही.
अंगठा नाकापासून शेपटीपर्यंत नेला,
परत आणला.
"सोललंयस की गं याला.
माझी रिवेटं कुठायत?"

कॉर्पोरल पेंडुरकर, एअरफ्रेम फिटर.
बाबांनी विमान उडवलं, असं मी चौथीत
वर्गात सांगून आले होते.
कळल्यावर ते काही बोलले नाहीत,
फक्त त्या रविवारी
माझ्या सायकलचा प्रत्येक नट काढून परत बसवला,
मला शेजारी बसवून.

रंग विचारला. खोक्यावर चंदेरी आहे.
"होतंच चंदेरी. मग म्हणाले, रात्रीत हिरवं करा.
चंदेरी वरून दिसतं, वाळत घातलेल्या ताटासारखं.
फवारा एकच, तोही तुंबलेला.
ब्रश घेतले. ब्रश संपले तशा चिंध्या, मग केरसुणी.
कंदिलाला निळा कागद.
पंजाबातली थंडी, रंग ओढला जाईना,
रॉकेल ओतलं, जरा जास्तच.
उजाडल्यावर बघतो तर
म्हशी लोळून आल्यासारखी उभी रांगेत."
हसले.
"तशीच चार उडाली. तीन..."
आणि चहा गार झालाय का
ते बोट बुडवून बघितलं.

भाच्याचा एअरब्रश मी परत दिला.
दात तपासायचा प्रोब घेऊन टोचत बसले,
एका पंखात एकशे चाळीसच्या पुढे मोजायचं सोडलं.
प्रमाणात चूक. माहीत आहे मला.
हिरव्याचं शेड कार्ड माझ्याकडे नाही,
माझ्याकडे दातांचे सोळा पांढरे,
त्यातले चार तंबाखूवाल्यांचे.
"शिजलेल्या अळूचा," बाबा म्हणाले,
"आणि एकसारखा लावू नकोस."

पोर्सिलीनवर चीर काढायचा तीन शून्याचा ब्रश,
तीस वर्षांत त्याने कधी
असं गचाळ काम केलं नव्हतं.
डाव्या पंखावर एक केस चिकटून राहिला.
चिमटा उचलला, सवयीने,
आणि तसाच धरून बसले बराच वेळ.
वाळला तो.
बाबांच्या अंगठ्याला लगेच सापडला,
तिथेच थांबला अंगठा.

पायलट मिळतो खोक्यात, नखाएवढा,
हात मांडीवर, चेहरा ओतलेलाच नाही.
बसवू का, विचारलं.
"तो यायचा, शिडी चढायचा,
मी पट्टे आवळायचो, जायचा.
आला की उतरून जेवायला.
बाकी वेळ ते आमचं."

तेव्हा काच उघडी ठेवली आहे,
आत कोणी नाही.
शिडी मी दात साफ करायच्या तारेची केली,
थोडी वाकडी झाली.
पायलट सध्या लॅबमध्ये असतो, डबीत,
पालांडे बाईंच्या पुढच्या चार दातांशेजारी.
मंगळवारी त्यांची ट्रायल आहे.