कोपऱ्यावरची पट्टी

लुइस गावात, चढाच्या गल्लीत,
सतरा नंबर. लाल, अरुंद, तीन मजली.
अर्जात लिहिलं होतं: जुनं विटांचं घर,
जिन्यापाशी ओल येते, कुठून ते बघावं.

ओल मोजायचं यंत्र मी पिशवीतच ठेवलं
आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवली,
कलिंगड वाजवून घेतात तशी.

पोकळ.

या विटा नाहीत, मिसेस एकहर्स्ट.
कौलं आहेत, भिंतीवर टांगलेली.
प्रत्येकीच्या माथ्याला भोक, भोकात खिळा,
आणि खालचा ओठ तेवढा पुढे काढलेला,
बरोबर विटेच्या तोंडाएवढा.
बाकीचं अंग वरच्या रांगेखाली चोरून.
फटींत चुना भरला की
एक लांबडी, एक आखूड, एक लांबडी:
गवंड्याचीही फसगत व्हावी.
आत ओकचा सांगाडा, या घराहून जुना, थोडा कललेला.
खऱ्या विटांचं ओझं त्याला झेपलं नसतं
आणि मालकाला तर नव्या रीतीचं घर हवं होतं,
निदान रस्त्यापुरतं.

“ओळखायचं कसं?”

कोपऱ्यावर.
वीट कोपऱ्यावरून वळते, कौलाला वळता येत नाही.
म्हणून तिथे लाकडाची उभी पट्टी ठोकतात,
पांढरी रंगवतात,
लोकांना वाटतं नक्षी आहे.

पट्टीवरून त्यांनी हात फिरवला.
एकेचाळीस वर्षं त्या इथे राहतात.
(एकेचाळीस वर्षांत वीट आला नाही,
कारण वीट नव्हतीच:
हे मनात आलं, पण त्यांच्या भाषेत नेता येईना.)

मग एकदम हसल्या.
“सिरिलने सायकलसाठी कडी ठोकली होती,
ती बघा, दाराशेजारी.
तीन घावांत खिळा आत. लोण्यात जावा तसा.
म्हणाला, बघ, विटेतसुद्धा!
आठवडाभर दंड दाखवत फिरत होता.”

हसू ओसरलं.
“बरं झालं, तुम्ही तेव्हा आला नाहीत.”

मी शिडी लावली, बॅटरी मारली.
ओल कडीतूनच येत होती.
गंजलेल्या खिळ्याला धरून
पाणी आत जात होतं, थेंबाथेंबाने,
थेट ओकपर्यंत.

खाली उतरून मी कागदावर लिहिलं:
दाराशेजारी जुनं छिद्र, बुजवावं.
त्यांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं,
आणि खाली बारीक अक्षरात भर घातली:

कडीच्या भोवतीने.