पेटीतलं लाकूड

लतेश म्हणायचा, ठोकळ्यांचा गेम पोराटोरांचा.
खालचा चिरा काढला तरी वरचं घर हवेत तसंच,
त्याला पडायचं आहे हे कुणी सांगितलंच नाही जणू.
मला मात्र तोच आवडायचा.
दिवसभर सेतू केंद्रात उत्पन्नाचे दाखले टाईप केल्यावर
संध्याकाळी असं काहीतरी हवं असतं
जे खालून काढलं तरी राहतं.

मग त्याने दुसरा आणला, उत्तरेच्या गारठलेल्या समुद्राचा.
तिथे प्रत्येक वासा आपला भार सांगतो:
जमिनीशी निळा, वर हिरवा, मग पिवळा,
लाल झाला की पुढचा ठोकायचा नाही.
आम्ही ठोकला.
रात्री अकराला अख्खं छप्पर माझ्या डोक्यावर आलं
आणि तिकडे तारामुंबरीला तो इतका हसला
की फोनमधून त्याच्या आईचा आवाज आला,
मेल्या, लोकांका निजाक दी.

त्या गेममध्ये उपाशी माणूस मरत नाही.
नुसता हलका होतो, एका फटक्यात पडेल इतका.
हे लतेशला पटलं होतं.
बंदीचे दोन महिने, म्हणाला, असेच जातात.
पण गळ टाकला की मासा, नेम धरून मासा,
याला तो शिव्या द्यायचा:
हो करणारो कधी दर्यात गेलो नाय.

त्याच्या घराचा अर्ज मीच टाईप केला होता.
वादळात गेलेलं पडवीचं छप्पर, पत्रे एकोणीस,
पूर्वेकडची भिंत, चिरे अंदाजे दोनशे.
भरतीरेषेपासूनचं अंतर त्याने स्वतः टेप लावून मोजलेलं,
आईने दुसरं टोक धरलेलं.
बांधकाम जुने की नवे, असा एक रकाना असतो.
जुने, मी लिहिलं.
पुरावा जोडा, म्हणून परत आला.
चार वेळा परत आला.
त्याच पावसाळ्यात त्याने गेममध्ये सात घरं बांधली,
सगळी पाण्याला चिकटून,
एकाचं जेवायचं टेबल तर लाटेतच.
सातबारा कुणी मागितला नाही.

तिसऱ्या गेमकडे आम्ही उशिरा वळलो.
त्यात लोक रात्री दार फोडून सगळं नेतात, असं ऐकलेलं,
म्हणून आपल्यापुरता सर्व्हर घेतला, महिना तीनशे, निम्मे निम्मे.
चोर आले नाहीत.
पण तिथे घर आपोआप सडतं.
मधल्या खोलीतल्या पेटीत लाकूड टाकत राहायचं.
पेटी रिकामी झाली की आधी भिंत जाते, मग दार.
तिन्हींत हाच खरा, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे गेला.

मार्गशीर्षात तो कतारला गेला, टगबोटीवर.
आई कणकवलीला बहिणीकडे.
किल्ली शेजारच्या तारींकडे, लॅपटॉप कपाटात,
आणि मला एवढंच:
पेटयेत लाकूड टाक गो, तीन दिसांनी.

टाकते.
झाडं तोडलेल्या जागी परत येतात, हे एक बरं.
रविवारी पुलावरून जाताना खरं घर दिसतं,
निळ्या ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं,
ओसरीत कुणाची तरी जाळी वाळत.
त्याची आई फोनवर विचारते, घर बरा असा मां?
मी म्हणते, असा.
कुठलं, ते ती विचारत नाही.

आज तिसरा दिवस.
लाईट गेली आहे, इन्व्हर्टर वीसेक मिनिटं चालेल.
पेटीत पाचशे लाकूड टाकलं,
कोठारातून दगड काढले,
आणि मागच्या दाराशी, त्याच्या नकाशात नसलेली,
पाण्यात उतरणारी एक पायरी बांधली.
शेवटचा दगड लाल दाखवतोय असं वाटून क्षणभर थांबले.
तो दुसरा गेम. इथे रंग नसतात.
त्याला अजून कळवलेलं नाही.