उलटा हात

मंडईच्या दिवसांत फागो न्हावी दोनदा यायचा.
सकाळी सुलटा हात, गावासारखा.
दिवे लागायच्या आधी उलटा,
हनुवटीखालून वर, कानाकडं,
कातडी कुरकुरते तिथं जरा दाबून.
तुरटी फिरवायचा,
मग पालथ्या बोटांनी गाल तपासायचा माझा.
"झाली बाई," म्हणायचा. "जाय आता."

बावीस वर्षं मी बाई होतो.
कधी राणी, कधी पाटलानं ठेवलेली,
एका नाटकात तर वेडी झालेली सून.
मुर्दाडशिंगाचा लेप, वर गुलाबी पावडर,
आणि बायकोचं हिरवं लुगडं.
ती पडद्यामागं बसून पदराला पिना लावायची,
पिना तोंडात धरूनच बोलायची,
"हळू चाल. बाई घाईत असली तरी टाच नाही वाजवत."

पण आमच्याकडं नाटक रातभर चालते
आणि दाढीला अंक कळत नाही.
तिसऱ्यात, दीड-दोनच्या सुमारास,
ओठाखाली निळं उगवायचं.
पहाटे मी नायकाच्या खांद्यावर डोकं टेकलं
की तो संवादाच्या मधेच कुजबुजायचा,
"मनिराम, टोचते गा."
समोर घोंगड्यांत बाया रडत असायच्या.
त्यांना टोचत नव्हतं.

मग वडश्याच्या कंपनीनं खऱ्या बाया आणल्या.
बरोबरच केलं.
मला कोणी नको म्हटलं नाही,
त्या साली बोलवायला आलं नाही, एवढंच.
पेटी उघडली, आरसा काढला,
पुसला, परत ठेवला.
पाचव्या दिवशी गाल खाजायला लागले.
फागो दारात, बगलेत धोकटी.
"काढू का?"
"राहू दे."

तो ओट्यावर उगीच बसून राहिला.
बाकी गाव त्याला वर्षाचा एक कुडो धान द्यायचं,
मी दोन.
"म्हंजे एक कुडो बुडाला माहा," म्हणाला,
हसला, चहा मागितला.

तर दाढी आली.
सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा.
उजवीकडं राखाडी, डावीकडं थेट पांढरी,
बोडीच्या एकाच काठावर बगळे उतरावेत तशी.
मधे कधीतरी ती काळीकुळकुळीत असणार,
पंचविशीत, तिशीत.
ती मी पाहिलीच नाही.
रोज वाटीत गेली, साबणाच्या फेसासोबत.
फागो ती वाटी पपईच्या आळ्यात रिकामी करायचा.
पपया लागल्या. आम्ही खाल्ल्या.

टोरीचं तेल लावतो आता, दोन बोटं.
घरभर वास येतो म्हणून बायको दार उघडं ठेवते.
आकार द्यायला फागोला सांगितलं तर
कैची धरून बसला, कुठून सुरुवात करावी कळेना.
"मले उतरवता येते गा. राखता नाही येत."
त्याच्या नातवाचं फाट्यावर दुकान आहे, मशीन आहे,
भिंतीवर हिरोंचे गाल आहेत.
तिथं मी जात नाही.

यंदा कार्तिकात कंपनीतली पोरगी आली, नागपूरची.
"काका, पदर सारखा घसरतो. तुम्ही शिकवता म्हणे."
खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला
आणि अंगणात चाललो.
कुंपणावरची पोरं हसली.
चौथ्या पावलाला थांबली.
सातव्याला मी वळलो, मान कलती केली,
पदराचं टोक तोंडापुढं धरायला हात वर नेला
आणि मधे दाढी आली.
पोरगी म्हणाली, "हं. वळताना हात आधी, मान नंतर."
आधी मान होती खरं तर. पण तिचं तिला जमेल.

रात्री बायकोनं अंधारात हात फिरवला
हनुवटीखालून वर, कानाकडं.
"टोचते का?"
ती बोलली नाही,
तोंडात पिना असल्यासारखी.