दहा सेकंद

दिवे मालवले की पडद्यावर तो कागद येतो.
दहा सेकंद.
तेवढ्यात लोक मोबाईलचा उजेड पायाखाली धरून
आपापल्या खुर्च्या शोधतात,
कुणाचं तरी पॉपकॉर्न सांडतं.
मीही कधी वाचला नव्हता तो,
तन्मयी सात वर्षांची होईस्तोवर.

आता वाचते.
नुसता यू असेल तर या, कुणीही या.
यूएला चिकटून सात, तेरा की सोळा :
म्हणजे दार उघडंच आहे,
पण उंबऱ्यावर आईबापांनी उभं राहायचं.
आणि ए असला की वास्कोच्या या थिएटरातला कायतान
मिसरूड न फुटलेल्या पोरांना जन्मसाल विचारतो,
बोटांवरची त्यांची वजाबाकी संपेपर्यंत
मिशीत हसत थांबतो.

माझे बाबा कदंबच्या बसवर कंडक्टर होते.
अर्ध्या तिकिटाचं वय ते दारातल्या दांड्याशी उंची लावून ठरवायचे.
आया हळूच पोरांना सांगायच्या, गुडघे वाकव.
इथे तीच पोरं
टाचा उंचावून उभी.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाहिला तो यूच होता.
एक बदक, त्याची लाल टोपी, चार गाणी.
मध्यंतरानंतर वादळ आलं.
चित्रातलंच. जांभळी लाट,
आणि एक जहाज नाकाकडून वर उचललं गेलं
आणि मग नव्हतंच.
दोन मिनिटांत सगळे खलाशी
बेटावर नारळ फोडत नाचत होते.
थिएटरभर पोरं खिदळली.
तन्मयीनं माझा हात सोडला नाही,
रस ऑम्लेटच्या गाड्यापाशी नाही,
सड्याचा चढ चढताना नाही.
रात्री दोनला म्हणाली,
पप्पाचं जहाज त्याच्याहून मोठंय?

तिचा पप्पा तारवटी.
तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून,
रेंजच्या पलीकडे.
मी लांबी सांगितली, मीटरमध्ये.
ती उठून अंधारात
घरातल्या फरश्या मोजायला लागली.

ज्यांनी तो सिनेमा तपासला
त्यांचं काही चुकलं नव्हतं.
रक्त नाही, शिवी नाही, सिगारेट नाही.
सड्यावरच्या खिडकीतून
रोज बंदरातली जहाजं मोजणाऱ्या मुलीसाठी
त्यांच्या तक्त्यात रकाना कुठून असणार?

परवा शेजारची फिलोमेना विचारत होती,
आमच्या आंतोनला तेरा प्लस चालेल का गो,
अकराचाच आहे, पण उंच आहे.
म्हटलं, आकडा बघच. तो बघितल्याशिवाय तिकीट काढू नको.
मग ज्यानं सिनेमा पाहिलाय त्याला गाठ,
कोण मरतं ते विचार,
कुत्रा मरतो का ते तर विचारच.
(त्यांचा टायगर चवथीच्या आधीच गेला.)
आणि घरी फोनवर लावून देणार असशील
तर त्या पिनचा आकडा
आंतोनची जन्मतारीख ठेवू नको.
फिलोमेना ओशाळली. तोच होता.

आज रविवार. यूए, सात प्लस.
तन्मयीला आठवं लागलंय.
मी बायणाच्या दोघींना फोन करून
सगळी गोष्ट शेवटापर्यंत ऐकून घेतलीय,
सिनेमाची मजा माझ्यापुरती संपलीय.
रांगेत ती माझी ओढणी ओढते :
आई, मी झेल्माला विचारलं शाळेत.
वादळ नाहीय.
पण एक आजी आहे हॉस्पिटलात,
नाकात नळी घालून.
थोडं थांबून,
तुला चालेल ना?

चिखलीच्या हॉस्पिटलातला तो फेब्रुवारी
मी तिला दाखवला नव्हता.
बाहेरच्या बाकावर बसवलं होतं,
चित्रं रंगवायची वही देऊन.

चालेल, म्हणते मी. दोन तिकिटं घेते.
आत अंधार होतो, कागद येतो,
आणि माझी मुलगी तो मोठ्यानं वाचते,
अक्षर, मग आकडा, मग खालची सही लागत नाही म्हणून पुन्हा आकडा.
तिचा हात माझ्या हातावर.
मागून कुणीतरी म्हणतं, शू.