भिंग एक, पोरं बेचाळीस

आठवी ब. सूक्ष्मदर्शक एकच, आणि पोरं बेचाळीस.
आरसा खिडकीकडं वळवलाय.
बाहेर उद्यमनगरच्या फाउंड्रीचं पत्र्याचं छप्पर,
त्यावरून उडी मारून ऊन आत येतं,
आरशावर आपटतं, नळीतून वर चढतं.
"ऊन खालनं वर चाललंय बाई!"
हो. इथं सगळं उलटंच.
काच डावीकडं सारा, चित्र उजवीकडं पळतं.

सोहेल बागवाननं कपिलतीर्थाच्या गाड्यावरचा
कांदा आणलाय, अब्बांना न विचारता.
मी पाकळीच्या आतला पापुद्रा सोडवते,
पाण्याचा थेंब, सॅफ्रेनिनचा थेंब,
आणि वरची काच तिरकी धरून इतक्या हळू,
झोपलेल्या बाळावर दुपटं टाकावं तशी.
तरी बुडबुडा शिरतोच.

पहिले अकरा जण बुडबुडाच बघून गेले.
"दिसली बाई! गोल हाय! काळी कड हाय! चमकतीया!"
मी काही बोलले नाही.
बारावा आदिनाथ चौगुले,
त्याला स्वतःची पापणी दिसली.
"आत झाडू हाय, बाई."

मग हर्षद सरनाईक, पेठेचा गोलकीपर,
एक डोळा मिटता येत नाही म्हणून तळव्यानं झाकून
वाकला, स्क्रू फिरवला
(मोठा नव्हे रे, बारका)
आणि गप्प झाला.
हर्षद गप्प झाला म्हटल्यावर वर्गही गप्प.
"विटा रचल्यात," म्हणाला मग.
"लांबुळक्या. गुलाबी. सांध्यावर सांधा न येऊ देता.
आणि एकेका विटेत एकेक ठिपका."
ठिपका नव्हे, केंद्रक, मी म्हणणार होते.
पण पाच मिनिटं तो ठिपकाच राहू दे.

मग रंकाळ्याचं पाणी.
जलपर्णीच्या मुळाशी बाटली बुडवून आणलेलं,
वाळक्या गवताच्या काड्या घालून चार दिवस खिडकीत ठेवलेलं.
वास होता, खोटं कशाला बोलू.
थेंबात काहीतरी सुळकन गेलं.
अडलं. मागं सरकलं. वळून पुन्हा गेलं.
पॅरामेशियम, मी सांगितलं, आकार चपलेच्या तळासारखा.
झालं. मागच्या बाकावरून कुणीतरी,
"तेजल, तुमच्या दुकानातनं पळालंय बघ!"
वर्ग हसला. मी डोळे वटारले.
तेजल व्हटकर उठली, रांग मोडून पुढं आली,
बराच वेळ बघत राहिली.
"डावा का उजवा कळंना," म्हणाली.
"आणि अंगठा न्हाई. आमचा माल न्हवं ह्यो."

दुसऱ्या दिवशी वहीच्या पानात गुंडाळून
तिनं चामड्याची कात्रण आणली,
पप्पांनी रापीनं सोललेली,
उजेड आरपार जाईल इतकी.
"ह्यात पेशी कुठं हायत, बाई?"
बघितलं. विटा नाहीत. ठिपके नाहीत.
नुसता धाग्यात धागा,
आणि मधेच एक रिकामं भोक,
तिथं कधीतरी केस होता.

मला उत्तर आलं नाही.
बावीस वर्षं कांदाच दाखवत आलेय मी.
रात्री कॉलेजातलं जाडं पुस्तक माळ्यावरून काढलं,
भाजी करपली, पान सापडलं.

मधल्या सुट्टीत तिला म्हटलं,
हे धागे पेशींनीच काढले होते, तेजल,
जनावर चरत होतं, शेपटी हलवत होतं तेव्हा.
विणणाऱ्या गेल्या. वीण राहिली.
ती डबा खात होती. घास थांबला.
"म्हणून पप्पा तेल पाजत असत्यात," म्हणाली.
"वीण सुकती म्हणत्यात."
हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

तास संपत आलाय. ऊन छपरावरून सरकलंय,
आरसा मी तिसऱ्यांदा वळवते.
आदिनाथ पुन्हा रांगेत, पुन्हा शेवटी.
"बाई, माझा झाडू अजून गेला न्हाई."
मी त्याच्या पाठीवर हात ठेवते.
डोळा टेकवू नकोस. जरा वर घे.
श्वास सोड.
घंटा होऊ दे. थांबू आपण.