काचेला बंदी

हायवेला लागून, काकतीच्या अलीकडं,
निळी घसरगुंडी उसाच्या वरून डोकावते,
तिथं दोन नंबरच्या खिडकीत मी बसते.
छातीवरच्या पाटीवर कन्नडात नाव: वैजयंती.
आडनाव पाटीत मावलं नाही. कासार.

खडेबाजारात माझे वडील
नुसतं मनगट बघून माप सांगायचे,
सव्वादोन, अडीच,
क्वचित एखादीला पावणेतीन, तेही हळू आवाजात.
अंगठा तळव्यात दुमडून, गप्पा मारत मारत
बांगडी चढवायचे.
हात सैल सोडा, बाई.
कै सडलं बिड्री, अव्वा.
दोन्ही भाषांत हात सारखाच आखडायचा.

मी पट्टा बांधते.
वर्षाच्या सभासदाला सोनेरी:
रांग वेगळी, लॉकर फुकट,
बटाट्याच्या काड्यांवर दहा टक्के सूट,
बुधवारी एक मैत्रीण बिनपैशाची.
वाढदिवसाला पट्टा लाल लुकलुकतो
आणि भोंग्यावरून तुमचं नाव,
आधी कन्नडात, मग इंग्रजीत,
मग भोंगा थांबतो.
मनगट यंत्राला टेकवलं की टिंग.
टिंगला भाषा नाही,
म्हणून तिच्यावर अजून मोर्चा आलेला नाही.

माझा पट्टा राखाडी.
त्यानं मागचं फाटक उघडतं, संडास उघडतो
आणि जेवायला किती मिनिटं लागली ते वर कळतं.

पण पट्ट्याच्या आधी बांगड्या.
पाण्यात काच नको, नियम अकरा.
पाण्यात साबण कालवून ठेवलेला असतो,
मी अंगठा दुमडते आणि उलट्या दिशेनं
एकेक काढत जाते.
नव्या नवरीचा चुडा, वडगावच्या विणकरणीच्या चार चार,
हिंडलग्याच्या मास्तरणीची एकच, घड्याळाच्या आड.
ट्रेमध्ये चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
वडिलांना हे सांगितलेलं नाही.
त्यांना वाटतं मी तिकिटं फाडते.

मागच्या बुधवारी मुतग्याच्या भरमव्वा आल्या.
उद्यमबागेत मोल्डर असलेल्या लेकानं
ओव्हरटाइमच्या पैशात पास काढलेला.
त्यांच्या हातात काढण्यासारखं काही नव्हतं.
मी सवयीनं अंगठा दुमडला.
पट्ट्याला बक्कल असतं, दुमडायची गरज नसते,
पण दुमडला.
त्यांनी दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर घेतला.
पट्टा बसला तशा वाकल्या
आणि खिडकीच्या ग्रॅनाइटला कपाळ टेकवलं,
बांगड्या भरल्यावर कासाराला करतात
तसा नमस्कार.
लेक दुसरीकडं बघत होता.
मागून कुणी ओरडलं,
आम्ही सोनेरी आहोत, आमची रांग का थांबलीय?
मी म्हटलं, सर्व्हर बसलाय.

दुपारी लाटांच्या तळ्याकाठी त्या दिसल्या.
नेसल्या लुगड्यानिशी कडेला बसलेल्या,
पाण्यात फक्त तो एक हात.

मार्चअखेर पट्टे संपतात.
नवा घेतला नाही तर जुना कापायचा,
रजिस्टरला आकडा टाकायचा. रकाना कोराच असतो,
काय लिहायचं ते कुणी सांगितलेलं नाही.
आमच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.
वाढली म्हणतात.
कात्री चालवली आणि हातानं आपसूक लिहिलं:
वाढले, सतरा.

हिरेमठ साहेब हुबळीचे.
मराठी वाचायला नुकते शिकलेत,
बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडतात.
वा-ढ-ले.
चेहरा उजळला त्यांचा.
तिथूनच मोठ्या ऑफिसला फोन लावला,
मेंबर वाढलेत, सर, सतरा,
बेळगावात अजून भरपूर वाव आहे.

संध्याकाळी सगळ्या खिडक्यांना कुंदा वाटला.
पायाशी विसरलेल्या बांगड्यांचा डबा होता,
तो जरा आत सरकवला
आणि मी दोन चमचे खाल्ला.