खटका

शारजाच्या खाडीत गलबत धक्क्याला लागलं
की मी खिशातून काढतो ते.
स्टीलचं, मुठीत मावेल एवढं,
चार आकड्यांची खिडकी, एक दट्ट्या,
बाजूला शून्यावर आणायची चावी.
दाबलं की एक वाढतो.
संपलं त्याचं शिक्षण.

बर्बेराला जाणारी साखर, बोसासोच्या गाद्या,
जुने टायर, टायरच्या पोटात टायर.
हमाल चढतो, फळी वाकते,
फळी वाकते तेव्हाच अंगठा वाकतो.
खट्.
बघावं लागत नाही.
नाखव्याशी मी ऊन, डिझेल, बाणकोटच्या घराचे पत्रे
काहीही बोलत असलो
तरी अंगठा कामावर असतो.

रोल्याच्या बाजारात बोटात घालायची मिळतात,
तसबीहवाली, दिवा लागणारी.
बायकोला एक पाठवलं. मला हेच.

कंपनीने टॅबलेट दिलाय. वाईट नाही.
फोटो काढतो, माल कुठे चालला ते सांगतो.
पण ऑगस्टात साडेअकराला
काळा पडतो आणि म्हणतो, मला थंड होऊ द्या.
घ्या! एकोणीस वर्षं मलाही हेच म्हणायचंय.
आणि घामेजलेलं बोट त्या काचेला
माणसाचं वाटतच नाही.

काल दुबईच्या ऑफिसातून मृण्मयी राजवाडे आल्या.
हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं.
टॅबलेटवरची बटणं त्याच काढतात म्हणे.
"परकारकाका, यात असं आहे काय?"

सांगता येईना.
हिशेब चुकला की मनात राहतो तोही खटका,
हा बोटातला, त्यावरचा उतारा,
असलं काही भर धक्क्यावर बोलतात का?
म्हटलं, "डोळे मिटा आणि दाबा."

मिटले.
दट्ट्या आधी सैल जातो, मग जरा अडतो,
मग आत कुठेतरी
एक दात दुसऱ्या दातावरून उतरतो
आणि मनगटापर्यंत कळतं की झालं.
त्यांच्या भुवया वर गेल्या.
पुन्हा. पुन्हा.
"अरे!" म्हणाल्या, आणि दाबतच राहिल्या.

सहाशे बाराचे सहाशे एकोणीस.

फळीच्या तोंडाशी दाद मोहम्मद,
पाठीवर पन्नास किलो, नजर माझ्यावर:
चढू की थांबू?

उणे येत नाही याला.
एकदा पुढे गेलं की गेलं.

"चल," म्हटलं.
मग सात पोती मी तशीच जाऊ दिली.
फळी वाकायची,
अंगठा उडू बघायचा,
दुसऱ्या हाताने धरून ठेवला.
किती वर्षांनी पोत्यांकडे बघितलं.
एकाचं तोंड निळ्या दोऱ्याने शिवलेलं,
एकाला कोपऱ्यात भोक, साखरेची बारीक धार,
आणि दाद मोहम्मद डाव्या पायाने लंगडतो.
कधीपासून?

आठव्याला
खट्.